सरांची धूळ

सरांना कोणी "कसे आहात?" असं विचारलं की ते "कशाच्या तुलनेत?" असं उलट विचारायचे. थट्टेने नाही. खरोखर विचारायचे आणि समोरचा काही तरी उत्तर देईपर्यंत भर रस्त्यात उभे राहायचे. लातूरच्या एका दैनिकात मला नोकरी लागली आणि मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायला गेले. त्या पहिल्या संध्याकाळी काकूंनी चहा केला आणि साखर बरोबर आहे का, म्हणून नवऱ्याला विचारलं. सर म्हणाले, "कालच्या तुलनेत कमी, सोमवारच्या तुलनेत जास्त." काकूंनी माझ्याकडे बघितलं. "लग्न झाल्यापासून विचारून राहिले माय. गोड हाय का अगोड, ते अजून कळलं न्हाई."

मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. ते फार दिवस टिकलं नाही.

सर मूळचे उदगीरचे. घरचं किराणा दुकान धाकट्या भावावर सोडून ते शिक्षक झाले आणि लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात इस्त्री नसलेला पांढरा शर्ट, खांद्याला शबनम. निवृत्तीनंतर एका मोठ्या क्लासवाल्याने त्यांना मानाने बोलावलं होतं. लातूरमध्ये तेव्हा जिकडेतिकडे क्लासच निघत होते. चौकाचौकात टॉपर पोरांचे फोटो, घराघरात खाटा टाकून वसतिगृहं. सरांनी तिथे क्षार ओळखायचा एकच धडा सगळं सत्र शिकवला. पोरं म्हणायची, सर, परीक्षेत चार पर्याय असतात, त्यातला बरोबर कोणता तेवढं सांगा. सर म्हणायचे, आधी परीक्षानळी धुवायला शिका. क्लासवाल्याने शाल-नारळ देऊन त्यांना घरी पाठवलं. सरांना तो सत्कारच वाटला होता.

माणसांना ते नावाने हाक मारत नसत. जो जिथला, ते त्याचं नाव. मी नांदेड. गल्लीतल्या बालवाडीच्या बाई औसा. दूधवाला मुरूड. मला वाटायचं, हा गावाकडचा जिव्हाळा असेल. नंतर कळलं की सर नमुन्यांवर चिठ्ठी लावतात तशीच माणसांवरही लावतात: कुठून उचलला, तेवढं पक्कं असलं की बाकीचं नंतर तपासता येतं.

नमुने म्हणजे धूळ. रस्त्यावरची धूळ. सकाळी लोक फिरायला जातात तसे सर धूळ आणायला जायचे. हातात नायलॉनच्या केसांचा रंगाचा ब्रश आणि प्लास्टिकची सुपली. लोखंडाचं काही वापरायचं नाही, त्याचा कण धुळीत मिसळतो. चौकात दुभाजकाशी उकिडवं बसायचं, ब्रशने हलकेच धूळ गोळा करायची, पुडी बांधायची, पुढच्या चौकात जायचं. रिक्षावाले ओरडायचे, "सर, आमच्या दारापुढचं बी घिऊन जा, बायकोची कंबर धरलीय." सर थांबून विचारायचे, दार कोणत्या रस्त्याला आहे, डांबरी की सिमेंटचा?

पुड्या बांधायला त्यांना कागद लागायचा. गावात फुकट कागद दोनच प्रकारचा मिळायचा, क्लासच्या जाहिराती आणि मी नोकरी सांभाळून काढायचे ती मागण्यांची पत्रकं. एकदा त्यांच्या टेबलावर माझ्या पत्रकात गुंडाळलेली मोंढ्याच्या बाजारातली धूळ पाहून मी भडकले. सर शांतपणे म्हणाले, "नाराज होऊ नको नांदेड. क्लासच्या कागदाची शाई सुटते. तुझी न्हाई सुटत. तपासली मी."

धूळ चाळायला त्यांनी काकूंची नायलॉनची साडी कापली होती, काकू लग्नाला लोह्याला गेल्या असताना. मग गच्चीवर, उघड्यावर, आम्लात धूळ उकळायची. काकूंना त्या वेळी कपडे वाळत घालायची बंदी. पाणी भरून ठेवायला बंदी, पापडांना बंदी. मी एकदा ओढणी विसरले, तर तिला बारीक बारीक भोकं पडली. सर म्हणाले, नोंद घेण्यासारखं आहे.

पण सांगायला बसले की ऐकत राहावं असं सांगायचे, हे मला मान्यच करावं लागतं. टायर झिजतो त्यातून जस्त पडतं. पत्र्याच्या शेडवरून पावसाचं पाणी ओघळतं त्यातूनही जस्तच. दुभाजकाच्या पिवळ्या रंगाचे पोपडे उडतात, त्यात शिसं आणि क्रोम. पेट्रोलमधलं शिसं कधीच बंद झालं, पण जे तेव्हा रस्त्याकडेला पडलं ते अजून तिथंच आहे, ते कुठे जाणार? आणि तांबं ब्रेकच्या पट्ट्यांमधून. "म्हणून तांबं गाडी पळती तिथं न्हाई, थांबती तिथं पडतंय," सर म्हणायचे. लातूरमध्ये सगळ्यात जास्त तांबं त्यांना क्लासच्या रस्त्यावर सापडलं होतं. दर दहा पावलांवर एक फाटक, फाटकापाशी रिक्षा, रिक्षात सात-आठ पोरं, आणि करकचून ब्रेक. गावाची भरभराट लोक फलकांवर वाचायचे, हा माणूस सुपलीत वाचायचा.

मी त्यांना म्हणाले, सर, हे लिहू या. ते म्हणाले, कशाच्या तुलनेत लिहिणार?

आता गल्लीचं सांगते, कारण सगळा वैताग तिथूनच सुरू झाला.

सरांच्या घरापासून चार घरं सोडून बालवाडी होती. एक खोली आणि पुढे फरशीचा ओटा. खोलीत पंखा नव्हता, म्हणून लेकरं ओट्यावरच बसायची. गाणी तिथे, खिचडी तिथे, झोपसुद्धा तिथेच. आणि ओट्यासमोर, गल्लीच्या दुसऱ्या अंगाला, अण्णांचं बॅटरीचं दुकान. पुढे नव्या बॅटऱ्या, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं आम्ल नालीत, आतल्या पट्ट्या कढईत वितळवून शिशाच्या विटा पाडायच्या. दुपारी भट्टीचा पंखा सुरू झाला की राखाडी धूर पत्र्याच्या फटीतून निघायचा आणि वारा असेल तसा बसायचा. बहुतेक वेळा तो ओट्यावर बसायचा. बाई दिवसातून दोनदा झाडायच्या. झाडलं की ते सगळं पुन्हा उडायचं आणि लेकरांच्या हातांवर, ताटल्यांवर उतरायचं. शिसं मोठ्या माणसाला त्रास देतं. लहान लेकराच्या डोक्यात जातं आणि परत येत नाही. हे मला सरांनीच सांगितलं होतं.

माझे वडील नांदेडला आपल्या छोट्या छापखान्यात आयुष्यभर चळवळीची पत्रकं काढत आले. आमच्या घरात देवघर नव्हतं, वाळत घातलेली पत्रकं होती. त्यांनी शिकवलेला नियम मला पाठ होता: एक कागद, एक मागणी. मी एक मागणी लिहिली. भट्टी गल्लीतून हलवा. खाली रसायनशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाची सही हवी होती. बस, एवढंच.

सरांनी पत्रक वाचलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि परत दिलं. सही नाही.

"ओट्यावरच्या धुळीत शिसं आहे की नाही?" मी विचारलं.

"आहे. लई आहे."

"मग?"

"लई म्हंजी कशाच्या तुलनेत? अण्णा म्हणंल, रस्त्यावर बी आहे. मग मी म्हणंल, रस्त्यावर कमी आहे. तो म्हणंल, रस्त्यावर मुळात किती असाया पाहिजे? तिथं मी गप. ह्या मातीत आपलं आपलं किती असतं, माणसानं काहीच केलं न्हाई तर, ते मला आधी पाहिजे."

म्हणजे सरांना अशी जागा हवी होती, जिथे गाडी गेली नाही, रंग लागला नाही, पत्रा गंजला नाही. मराठवाड्यात. शेतं बाद, कारण खत आणि फवारणी. माळ बाद, कारण वर मोबाइलचा मनोरा. देवराई एक सापडली, तर तिला नुकतं लोखंडी कुंपण घातलेलं. दोन महिने सर स्वच्छ मातीच्या मागे होते. समोर लेकरं रोज ओट्यावर बसत होती. मी बोलत राहिले, भांडत राहिले. बाईंनी तर मला तोंडावर विचारलं, "तुमच्या सरांना माती पायजे का लेकरं?"

शेवटी जागा सरांना सुचली आणि ती ऐकून काकू जेवता जेवता उठून गेल्या. काकूंचं माहेर. त्र्याण्णवच्या भूकंपात जे गाव भुईसपाट झालं, ते जुनं गाव. माणसं उरली ती पलीकडे नव्या वसाहतीत राहायला गेली. जुन्या जागी नंतर कोणी घर बांधलं नाही, रस्ता केला नाही. काकूंचे आईवडील त्यातच गेले होते. त्यानंतर त्या नव्या गावात भावाकडे जायच्या, पण जुन्या गावात त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं.

मला वाटलं, काकू नाही म्हणतील आणि बरंच होईल. पण दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच पिशवी भरली. पिशवीत तेलाची बाटली आणि शेंदराची पुडी. जायचंच आहे तर शनिवारी जाऊ, म्हणाल्या.

जुनं गाव म्हणजे दगडांचे ढीग आणि त्यातून वर आलेल्या बाभळी. काकू पुढे चालत होत्या. एके ठिकाणी थांबल्या. जमिनीत रोवलेलं उखळ होतं, त्याच्यापाशी त्या खाली बसल्या आणि उखळातला पाला हाताने काढायला लागल्या. सर जवळ गेले. मला वाटलं, खांद्यावर हात ठेवतील.

"इथपत्तोर गाडी यायची का?" सरांनी विचारलं.

"बैलगाडी."

"चाकाला लोखंडी धाव?"

"अहो," काकू वर न बघता म्हणाल्या, "माझं घर हाय हे."

 ब्रश शबनममध्ये परत ठेवून सरही खाली बसले आणि उखळातला पाला काढू लागले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण या माणसाबद्दल पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणाचा गैरसमज नको.

नमुना त्यांनी तिथून घेतलाच नाही. गावाच्या मधोमध एक पार शाबूत होता आणि पारावर जुना दगडी मारुती. आजूबाजूचं सगळं पडलं, मारुती उभा राहिला. नव्या गावात लोकांनी नवा मारुती बसवला, पण शनिवारी कोणी ना कोणी इकडे येऊन याला तेल-शेंदूर लावून जायचं. इतक्या वर्षांच्या शेंदराचं कवच जाड होऊन कधी तरी सुटून पडलं असावं, त्याचे तुकडे पाराखाली मातीत मिसळलेले होते. काकूंनीही शेंदूर लावला, हात जोडले. पारापुढची जागा सपाट होती, दगड नाहीत, शेण नाही. सरांना ती एकदम पसंत पडली. ते उकिडवे बसले, ब्रशने माती गोळा केली, मी पुडी धरली. तिथे आम्ही तीन माणसं होतो. एकाच्याही डोक्यात आलं नाही. शेंदराकडे धातू म्हणून कोण बघतं?

नमुने मोजायचं यंत्र नांदेडच्या एका प्रयोगशाळेत होतं आणि सरांचा एक जुना विद्यार्थी तिथे होता. कुरिअरवर भरवसा नाही म्हणून सर स्वतः निघाले, पुड्यांची पिशवी मांडीवर घेऊन, एसटीने. मीही बरोबर होते; आमच्याच घरी उतरलो. रात्री जेवताना वडिलांनी विचारलं, "मग, भट्टीवाल्याचं काय?" सर म्हणाले, "भट्टीवाल्यापर्यंत अजून आलोच न्हाई मी." वडिलांनी भाकरी ताटात ठेवली. दुसऱ्या दिवशी सर प्रयोगशाळेकडे गेल्यावर मला म्हणाले, "हा माणूस काय करून राहिला पोरी? आमच्या वेळी असे लोक असते तर निजाम अजून इथंच राहिला असता."

निकाल आला. ओट्याच्या धुळीत शिसं कोणत्याही रस्त्यापेक्षा कित्येक पट. अगदी सरांनी सांगितलं होतं तसं. आणि जुन्या गावच्या स्वच्छ, निर्मळ, माणसाने हात न लावलेल्या मातीत शिसं लातूरच्या बहुतेक रस्त्यांपेक्षा जास्त.

मी म्हणाले, हा नमुना गेला चुलीत, दुसरा आणू. सर म्हणाले, आवडला नाही म्हणून आकडा टाकायचा नसतो. इथपर्यंत ठीक होतं. पण मग सरांनी विचार करायला सुरुवात केली. भूकंपाच्या वेळी जमिनीतून काय काय वर आलं म्हणून लोक सांगत: वाफा, वास, कुठे विहिरीचं पाणी गरम झालं. सरांनी ते सगळं पुन्हा आठवलं. आणि ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना पुराव्याशिवाय बोलू दिलं नाही, त्याने चहाच्या टपरीवर, अण्णा शेजारी उभे असताना, म्हटलं की भूकंपात खोलवरचं शिसं वर आलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

अण्णा वाईट माणूस नव्हता. बालवाडीच्या पंधरा ऑगस्टला जिलेबी त्यांची असायची. पण फायद्याची गोष्ट कानावर पडली तर ती कानाबाहेर कोण टाकतं? आठवड्याच्या आत गल्लीत, मोंढ्यात, आमच्या दैनिकाच्या कचेरीतही लोक एकमेकांना सांगत होते की लातूरच्या जमिनीतच शिसं आहे, भूकंपानं वर आलंय, सरांनी तपासून काढलंय. आमच्या संपादकांनी मला त्यावर बातमी करायला सांगितली. मी राजीनामा द्यायच्या बेतात होते.

बाईंना वरून निरोप आला की जमीनच अशी असेल तर भट्टीला बोल लावता येत नाही. बालवाडी हवी तर दुसरीकडे न्या. दुसरीकडे म्हणजे महामार्गापलीकडे. तीन-चार वर्षांची लेकरं महामार्ग ओलांडून जाणार नव्हती, म्हणजे बालवाडी बंदच. वॉर्डाच्या नगरसेविकेने निर्णयासाठी रविवारी बैठक बोलावली, गल्लीच्या टोकाच्या मारुती मंदिराच्या सभामंडपात.

बैठकीच्या दोन दिवस आधी मी गच्चीवर गेले, तर सर उन्हात बसले होते. प्रत्येक पुडीतली अर्धी धूळ ते राखून ठेवत. जुन्या गावची उरलेली माती त्यांनी पांढऱ्या कागदावर पसरली होती आणि भिंगातून बघत होते. मला बोलावलं. मातीत नारिंगी कण होते, डाळीच्या चुऱ्याएवढे. सर खाली गेले आणि काकूंची शेंदराची पुडी घेऊन आले. चिमूटभर नळीत टाकला, वरून आम्ल. नारिंगी शेंदूर बघता बघता चॉकलेटी झाला. गाळून घेतलेल्या पाण्यात त्यांनी दुसऱ्या बाटलीतले दोन थेंब टाकले आणि नळी हळदीसारखी पिवळी झाली. शिसं.

"शेंदूर शिशाचाच असतो," सर म्हणाले. "दरवर्षी शिकवलं मी. दरवर्षी." आणि तिथेच कठड्याला टेकून बसले.

मला आनंद लपवता आला नाही. त्यांना म्हणाले, सर, बैठकीत फक्त एक वाक्य बोला. भूकंपाचं मी चुकीचं बोललो, ओट्यावरचं शिसं भट्टीचं आहे. एवढंच. मग बसा. त्यांनी मान हलवली. रविवारी मंदिरात जाताना पायऱ्यांवर मी पुन्हा म्हणाले, एकच वाक्य. त्यांनी पुन्हा मान हलवली.

सभामंडप भरला होता. सर उभे राहिले. "मी चुकलो," ते म्हणाले. "भूकंपाचा काही संबंध न्हाई. ओट्यावरचं शिसं भट्टीचं आहे." नगरसेविकेने पेन उघडलं. बाई रडायलाच लागल्या. मी सरांचा शर्ट मागून ओढला.

सर बसले नाहीत. चूक कशी झाली हे सांगितल्याशिवाय चूक कबूल केल्यासारखं होत नाही, असं त्यांचं मत. त्यांनी पार सांगितला, कवच सांगितलं, शेंदूर कशापासून करतात ते सांगितलं. मागे कुजबुज सुरू झाली. पुजाऱ्याने घंटेखालून मान बाहेर काढली. "आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर," सर म्हणाले आणि त्यांनी पायाखालच्या फरशीकडे बोट केलं, "आत्ता आपण बसलोय तिथल्या धुळीत बी ते असणार."

अण्णा पहिल्या रांगेत होते. ते हसून, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हंजी सर, भट्टी बंद करायची तर मारुतीला बी टाळं लावावं लागंल की?"

दुसरा कोणी असता तर नाही म्हणाला असता. कोणीही. सरांनी डोळे मिटून विचार केला.

"प्रमाण वेगळं आहे," ते म्हणाले. "पण तत्त्वतः, हो."

पुढचं काय सांगू? त्या गोंधळात मंडपातल्या सतरंज्या कोणी गुंडाळल्या तेही कळलं नाही. नगरसेविकेने विषय पुढे ढकलला आणि पुढे म्हणजे कधी ते कोणीच विचारलं नाही. बालवाडी हलवायचंही राहिलं, भट्टी हलवायचंही राहिलं. पायऱ्या उतरताना बाईंनी सरांना विचारलं, "तत्त्व राहू द्या सर. उद्या लेकरं बसवू कुठं?"  मी त्यांच्याशी बोलायचं सोडून दिलं. एका घरात राहून, एकाच जिन्यावरून येजा करून, मी त्या माणसाशी बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडी उघडायच्या आत सर ओट्यावर होते, बादली आणि फडकं घेऊन. गुडघ्यावर बसून पुसत होते. बाई झाडू घेऊन आल्या, तर त्यांच्याशी हुज्जत. झाडायचं नाही, झाडलं की उडतं. ओल्या फडक्याने टिपायचं, पाणी बदलायचं, पुन्हा टिपायचं. बाई म्हणाल्या, पाणी तुमच्या बापाचं हाय का? ते वर्ष लातूरला टँकरच्या पाण्याचं होतं. घरात पाणी मोजून वापरायचं, नळ कधी येईल याचा नेम नाही. आणि हा माणूस दोन बादल्या पाणी परक्या ओट्यावर ओतत होता. तेही कोणाचं? काकूंचं. धुण्याचं शेवटचं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी, सगळं डब्यांत साठायला लागलं. माझ्या दारातही डबा आला, वर चिठ्ठी: नांदेड. कपडे खळबळल्याचं शेवटचं पाणी टाकू नये. काकू जिन्यात बसून म्हणायच्या, "मी केस धुतले न्हाईत आठ दिस झाले. अन तिथली फरशी बघ, आरशावानी चमकतीय."

सुट्टीचा दिवस सोडला तर सरांनी एक दिवस चुकवला नाही. भट्टी चालू, धूर चालू, सर पुसतायत. मी त्यांना जिन्यातून ओरडून सांगितलं, अबोला तेवढ्यापुरता मोडून, की हे म्हणजे अण्णांचीच चाकरी आहे. तुम्ही पुसताय म्हणून त्यांची भट्टी चालतेय. सर म्हणाले, "असंल." आणि बादली उचलून गेले.

भट्टी गेली ती माझ्या पत्रकांनी नाही आणि सरांच्या धुळीनेही नाही. क्लासच्या पोरींसाठी वसतिगृह बांधायला त्या जागेला इतका भाव आला की अण्णांनी शेडचे पत्रेसुद्धा काढून नेले. भट्टी त्यांनी गावाबाहेर थाटली. गल्लीने पेढे वाटले, मला पहिला. सरांनी पेढा हातात धरला आणि विचारलं, "जिथं नेली तिथं वाऱ्याच्या दिशेला कुणाची घरं हायत, बघितलं का कुणी?" मी नव्हतं बघितलं. नंतर जाऊन बघितलं. वीटभट्टीवाल्यांच्या झोपड्या होत्या. दुसरं पत्रक लिहिलं. ती लढाई वेगळी आहे आणि ती अजून संपलेली नाही.

गल्लीत मात्र सगळ्यांच्या दृष्टीने विषय संपला. सरांच्या नाही. भट्टी गेली, पण नालीतली, भिंतींवरची, शेडच्या जागेतली धूळ कुठे गेली? ती वाऱ्याने येतच राहणार. त्यामुळे पुसणं चालूच. वसतिगृहाचा पाया खणताना तर सर दिवसातून दोनदा जायचे. बिल्डर त्यांना वेडा म्हणायचा. एव्हाना मीही नांदेडला परत आले होते, वडिलांचा छापखाना सांभाळायला, आणि मनापासून सांगते, त्या गच्चीवरच्या आम्लाच्या वासातून सुटले म्हणून मला बरं वाटत होतं.

एक दिवस पहाटेच काकूंचा फोन. "लगेच निघ," एवढंच म्हणाल्या, "यांनी बोलवलंय," आणि फोन ठेवला. परत लावला तर कोणी उचलेना. मी मिळेल ती एसटी धरली.  सगळ्या वाटेत मी मनातल्या मनात त्या माणसाशी बोलत होते. शेवटचं काय बोलायचं ते ठरवत होते. माफ करणार नव्हतेच, पण काही तरी चांगलं बोलणार होते.

घरात शिरले तर सर खुर्चीत ताठ बसलेले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मोतीबिंदू.

"आलीस?" ते म्हणाले. "डॉक्टरनं खाली वाकायला मना केलंय. तुझ्या काकूचे गुडघे असे. काल तिनं पुसलं, कोपरे ऱ्हायले. आज लेकरांची सुट्टी संपली, दुपारची बालवाडी हाय. बादली भरून ठिवलीय."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वडिलांकडून शिकलेले सगळे शब्द त्यात होते. सर शेवटपर्यंत ऐकून घेत होते. मग त्यांनी पट्टी नसलेल्या डोळ्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

मी ओढणी कमरेला खोचली, बादली उचलली आणि ओट्यावर जाऊन पुसायला बसले. फडकं पहिल्यांदा पिळलं तेव्हा पाणी राखाडी निघालं. मागोमाग आलेले सर बालवाडीच्या उंबऱ्याशी उभे राहून सूचना देत होते: उलटं सरक, पाय पुसलेल्यावर ठेवू नको, पाणी बदल. मी वर न बघता त्यांना उत्तरं देत होते. पाणी दोनदा बदललं. तिसऱ्यांदा पिळलं ते स्वच्छ निघालं.

लेकरं आली, ओल्याच फरशीवर बसली. बाईंनी चुरमुरे वाटले. एका पोरीच्या मुठीतून दोन-चार सांडले. तिने इकडेतिकडे बघितलं, एकेक दाणा बोटाने फरशीवरून टिपला आणि तोंडात टाकला.

बाईंनी तिला अडवलं नाही. मीही नाही.